सावंगीला दाखवायला जाताय? आधी एक कागद लिहा

तीन महिन्यांहून जास्त टिकलेलं दुखणं हा स्वतःच एक आजार असू शकतो. पण सावंगी (मेघे)च्या विनोबा भावे रुग्णालयात पहिल्यांदा जाताना आपण एक्स-रेची पिशवी नेतो अन् डॉक्टरांना म्हणतो, "सगळंच दुखते!" माझ्या आईनंही तेच केलं. मेडिकलमधून आणून खाल्लेल्या गोळ्यांचं तर बोललीच नाही. वर्षानुवर्षे खाल्ल्या, तर त्याच गोळ्या किडनीवर जाऊ शकतात.

आदल्या रात्री लिहा: कुठं, कधीपासून, दहापैकी किती दुखते, झोप लागते का, कापूस वेचताना काय होते. गोळ्यांची रिकामी पाकिटं सोबत न्या.

बाईचं दुखणं घरात कोणी विचारत नाही. निदान कागदावर तरी येऊ द्या.