कपाटाची किल्ली कुणाकडे?

आमच्या पिढीने व्यवसायास आरंभ केला त्या काळी रुग्णाची नोंद म्हणजे लाल कापडी बांधणीची चोपडी, आणि चोपडी म्हणजे दवाखान्यातील लोखंडी कपाट. किल्ली डॉक्टरांच्या कमरेला किंवा घरात सौभाग्यवतींच्या डब्यात असे. कंपाउंडरने नोकरी सोडली तर तो किल्ली ठेवून जात असे, आणि विसरलाच तर कुलूप बदलले जाई. एवढी साधी व्यवस्था आपल्याला कळत होती. तीच आता संगणकावर व मोबाइलवर आली आहे, तर कळेनाशी झाली आहे. हा लेख त्याविषयी आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही सात-आठ डॉक्टरमित्रांनी अवघड रुग्णांवर चर्चा करण्यासाठी इंटरनेटवर एक सामायिक खाते उघडले. पांढुर्ण्याहून आणि सौंसरहून प्रत्येकाने एक्स-रे, रक्ततपासणीचे अहवाल, जखमांची व त्वचाविकारांची छायाचित्रे त्यात चढवावीत आणि महिन्याच्या बैठकीत त्यावर बोलावे, अशी योजना होती. उपयोगही फार झाला, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. परंतु खाते एकच, नाव एकच आणि पासवर्डही एकच. डॉक्टरांना वेळ नसे म्हणून तो कंपाउंडरला सांगितला गेला, कंपाउंडरने मदतनीसाला सांगितला. अशाच एका मुलाने काम सोडले आणि तो नागपूरला नोकरीस लागला. त्याच्या मोबाइलवर ते खाते दोन वर्षे उघडेच होते. आमच्यापैकी कोणाच्या ध्यानातही हे आले नाही.

ध्यानात आले ते एका मुलीच्या वडिलांमुळे. तिच्या पाठीवरील पांढऱ्या डागांचे छायाचित्र नात्यातल्या कुणीतरी कुणाच्या तरी मोबाइलवर पाहिले, आणि जुळत आलेली सोयरीक मोडली. ते गृहस्थ रागावले नाहीत. खुर्चीवर बसून एवढेच म्हणाले, “डाक्टरसाहेब, तुमच्या भरोशावर पोरीचा फोटू काढू देल्ला होता.” आमच्यापाशी उत्तर नव्हते. छायाचित्र नेमके कुणाच्या हातून बाहेर गेले, तेही आम्हाला शोधता आले नाही. कारण खात्याच्या नोंदीत प्रत्येक वेळी एकच नाव होते. सर्वांचे खाते एक असले की जबाबदारी कुणाचीच राहत नाही, हे आम्ही असे शिकलो.

हा केवळ खेड्यातील अडाणीपणा आहे, असे कुणी समजू नये. २०१९ च्या अखेरीस व २०२० च्या आरंभी ग्रीनबोन नावाच्या जर्मन सुरक्षा-कंपनीने जगभरातील क्ष-किरण, सीटी व एमआरआय प्रतिमांच्या साठ्यांची पाहणी केली. भारतातील सुमारे १२ कोटी प्रतिमा कोणत्याही पासवर्डविना इंटरनेटवर उघड्या पडलेल्या आढळल्या, आणि त्यांपैकी सर्वाधिक, सुमारे ७ कोटी, महाराष्ट्रातील होत्या. यात कुणी चोराने कुलूप फोडले नव्हते. प्रतिमा साठविणारी यंत्रणा, जिला आपण पॅक्स म्हणतो, ती इंटरनेटला जोडताना कुलूपच लावले गेले नव्हते. आपल्या भागातील रुग्ण एमआरआयसाठी कुठे जातो, हे वाचकांना सांगणे नको. राज्याची सीमा ओलांडली की दीड-दोन तासांत नागपूर. तेव्हा ती मोजदाद महाराष्ट्राची असली, तरी आपण निश्चिंत राहावे असे तिच्यात काही नाही.

येथे एक तांत्रिक बाब मुद्दाम सांगतो, कारण पुष्कळ सहव्यवसायींना ती ठाऊक नसते. डायकॉम पद्धतीच्या फाइलमध्ये प्रतिमेसोबतच रुग्णाचे नाव, जन्मतारीख, रुग्णालयातील क्रमांक आदी माहिती गुंफलेली असते. पडद्यावर दिसणारे नाव झाकले, तरी आतील नाव तसेच राहते. म्हणून “नाव काढून टाकले आहे हो” या शब्दावर विसंबून फाइल पुढे पाठवू नये.

कायद्याची बाजू थोडक्यात पाहू. भारतीय आयुर्विज्ञान परिषदेचे २००२ चे आचारनियम आजही आपल्याला लागू आहेत. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवे नियम आले, पण त्याच महिन्यात स्थगित झाले. २००२ च्या नियमांनुसार आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपाव्या लागतात, मागणी झाल्यास ७२ तासांत द्याव्या लागतात, आणि ओळख पटेल अशा रीतीने रुग्णाचे छायाचित्र त्याच्या अनुमतीवाचून वैद्यकीय नियतकालिकातही छापता येत नाही. मग जे नियतकालिकात छापता येत नाही, ते दहा जणांना ठाऊक असलेल्या खात्यात कसे चालावे? त्यात २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. माहितीच्या सुरक्षिततेत कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. आपल्यासारख्यांना एवढा दंड होईल असे मला वाटत नाही. पण पूर्वतयारीस अवधी मिळाला आहे, तो दवडू नये.

गोटमारीच्या दिवसाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीकाठी आपण सारे टाके घालण्यात गुंतलेले असतो, आणि तेव्हाच मदतीला आलेली मुले फुटलेल्या डोक्यांची छायाचित्रे टिपत असतात. सायंकाळपर्यंत ती गावभर फिरतात. जखमी माणूस पांढुर्ण्याचा असो की सावरगावचा, त्या क्षणी तो आपला रुग्ण असतो. त्या दिवशी उपचाराच्या जागी मोबाइल बंद ठेवण्याचा दंडक घालणे एवढे कठीण का असावे?

काही ज्येष्ठ मित्र म्हणतात, मग हे सारे बंदच करा, चोपडीच बरी. मला ते पटत नाही. मध्यरात्री आलेल्या रुग्णाचा जुना अहवाल मोबाइलवर सापडतो, तेव्हा जीव वाचण्यास साह्य होते. खाती असावीत, पण ज्याची त्याची वेगळी असावीत. कंपाउंडरला फाइल चढविता यावी, इतरांच्या फाइली उघडता येऊ नयेत. पासवर्डबरोबर मोबाइलवर येणारा संकेतांकही आवश्यक करावा. माणूस ज्या दिवशी काम सोडतो, त्याच दिवशी त्याचे खाते बंद व्हावे. पगाराचा हिशेब चुकता करतानाच हे करावे, म्हणजे विसर पडत नाही. चर्चा झालेल्या रुग्णाची छायाचित्रे ठराविक मुदतीनंतर काढून टाकावीत.

आणखी एक विषय अप्रिय आहे, पण लिहितो. डॉक्टर दिवंगत झाल्यावर त्यांच्या खात्याचे काय? कपाटाची किल्ली कुटुंबाला सापडते, पासवर्ड सापडत नाही. गूगलने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या धोरणानुसार दोन वर्षे वापर नसलेले वैयक्तिक खाते आतील मजकुरासह काढून टाकले जाऊ शकते. म्हणजे ३० वर्षांची रुग्णसेवा कुणाला न कळता पुसली जाऊ शकते. याकरिता निष्क्रिय खात्याचा वारस आधीच नेमून ठेवण्याची सोय त्याच खात्यात आहे. तिला दहा मिनिटे लागतात. मात्र वारस नेमताना तो व्यवसायबंधू असावा. रुग्णांची गुपिते मुलाबाळांच्या हाती सोपविण्याचा आपल्याला अधिकार नाही.

संघटनेच्या येत्या सर्वसाधारण सभेत मी एक ठराव मांडणार आहे. सामायिक खाते बंद करून सभासदागणिक स्वतंत्र खाती द्यावीत. त्यांची देखरेख पांढुर्ण्याचा एक व सौंसरचा एक अशा दोन सभासदांकडे असावी आणि दर दोन वर्षांनी ते बदलावेत. कुणाचे खाते कधी उघडले व कधी मिटले, याची नोंद कागदावर ठेवावी. त्यासाठी लाल बांधणीची एक चोपडी मी आणून ठेवली आहे.