तिथीची पाऊणपट



लांडेवाडीतील एका तरुण व्यापारी स्नेह्याने परवा विचारले, "काका, काळबादेवीत कापडाची खरेदी आटोपून तिथूनच अलिबागला साखरपुड्याला जायचे आहे. पनवेल-पेणवरून जाऊ की समुद्रातून?" भोसरीहून थेट अलिबागला निघणाऱ्याने समुद्राचे नावही काढू नये, खोपोली-पेणचा रस्ताच त्याला सोयीचा, मग वडखळ नाक्यावर कितीही तिष्ठावे लागो. परंतु दक्षिण मुंबईतून निघणाऱ्याची गोष्ट निराळी. रस्त्याने शंभर किलोमीटरचा वळसा आणि तीन-चार तास. गेट वे ऑफ इंडियाहून लाँचने मांडव्याला मात्र सुमारे एक तास. पुढे अलिबागपर्यंतच्या बसचे भाडे बहुधा तिकिटातच धरलेले असते. मोटार बरोबर असेल तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट आहे. ती १५ मार्च २०२० रोजी सुरू झाली आणि दहाच दिवसांत देशभर टाळेबंदी आली. तरीही सेवा टिकली, हे विशेष. पावसाळ्याच्या तोंडाशी गेट वेच्या लाँच बंद होतात, त्या ऑगस्टअखेरपर्यंत. चातुर्मास समुद्रालाही पाळावा लागतो, असे मी गमतीने म्हणतो. रेवस आणि मोऱ्याच्या लाँच मात्र पावसातही भाऊच्या धक्क्यावरून चालू राहतात.

हे सारे सांगून झाल्यावर मी त्याला विचारले, "त्या दिवशी तिथी कोणती?" तो बुचकळ्यात पडला. साखरपुड्याचा मुहूर्त त्याला ठाऊक होता. लाँचसाठी तिथी कशाला, हे त्याला उमगेना.

ऐंशीच्या दशकात माझी बदली रायगड जिल्ह्यातील एका बंदरानजीकच्या शाखेत झाली. तेथील कोळीबांधवांकडून मी एक हिशेब शिकलो, एम.कॉम.च्या कोणत्याही पुस्तकात तो मला आढळला नव्हता. तिथीची पाऊणपट करावी, जे उत्तर येईल ती पूर्ण भरतीची वेळ. पक्ष शुद्ध असो वा वद्य. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, म्हणजे ओहोटी दुपारी बाराला. चतुर्दशीला भरती साडेदहाला, ओहोटी साडेचारला. घड्याळाच्या काट्यावर नसले तरी मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर हे गणित अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकाने जुळते. पर्वतिथी पाळणाऱ्या आपल्या घरांत अष्टमी-चतुर्दशी कोणाला सांगावी लागत नाही. त्यामुळे हा हिशेब आपल्याला अवघड जाऊ नये.

मला तो शिकायला मात्र उशीर झाला. त्या हिवाळ्यात आई आठ दिवस माझ्याकडे राहायला आली होती. परतीचा दिवस मी ठरवला तो शाखेच्या सोयीने, शनिवारी अर्ध्या दिवसाचे काम उरकून. ती चतुर्दशी होती. आईचे एकासणे दुपारीच झाले होते; त्यानंतर केवळ उकळलेले पाणी आणि तेही सूर्यास्तापर्यंतच. साडेचारला आम्ही धक्क्यावर पोहोचलो तेव्हा समुद्र जणू घर सोडून गेला होता. धक्क्याखाली नुसता चिखल आणि लाँच दूरवर पाण्यात उभी. पाणी चढेपर्यंत थांबण्याखेरीज मार्ग नव्हता. सहा वाजत आले तेव्हा छोट्या होडीने लाँचपर्यंत नेण्यास सुरुवात झाली. शेवाळलेल्या पायऱ्यांवर आईचा पाय ठरेना. अखेर दोन खलाशांनी "आजी, डोळे मिटा" असे म्हणून तिला अक्षरशः उचलले आणि होडीत ठेवले. त्या माणसांनी अतिशय जपून उचलले, याबद्दल माझी कृतज्ञता आजही आहे. पण आयुष्यभर कोणाच्या हाताचा आधार न घेतलेल्या माझ्या आईचा चेहरा मी तेव्हा पाहिला. सूर्य मावळून गेला होता. पाण्याचा तांब्या तिने पिशवीतून काढलाच नाही. मुंबईला पोहोचेपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. त्या शाखेत मी पुढे दोन वर्षे होतो. ती पुन्हा आली नाही. विचारले की म्हणे, "तूच येत जा रे."

म्हणून जलवाहतुकीविषयी कोणी उत्साहाने बोलू लागले की मी नावेविषयी विचारत नाही, धक्क्याविषयी विचारतो. मुंबईजवळ उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक चार मीटरांच्याही पुढे जातो, म्हणजे एका मजल्याहून अधिक. बस-थांब्यावरची फरशी दिवसातून दोनदा मजलाभर खाली जाऊ लागली, तर बसने कोण प्रवास करील? त्यात खाड्यांच्या मुखाशी गाळ साचतो, तो उपसत राहावे लागते. १७ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबई-बेलापूर वॉटर टॅक्सीचे मोठ्या थाटात उद्घाटन झाले. वेगवान बोटीचे भाडे आठशे ते बाराशे रुपये, साध्या लाँचच्या कित्येक पट. तिला प्रवासी लाभले नाहीत, याचे मला नवल वाटले नाही. रोज जाणारा नोकरदार महिन्याचा हिशेब करतो.

याच्या उलट अनुभव मला कोचीला आला. सौभाग्यवतींच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली आहे. मट्टांचेरीच्या धर्मनाथ भगवंतांच्या मंदिरात दर्शन घ्यावे, ही त्यांची जुनी इच्छा. हायकोर्ट टर्मिनलवरून आम्ही वॉटर मेट्रोने फोर्ट कोचीला गेलो आणि तेथून रिक्षाने मंदिरात. ही सेवा एप्रिल २०२३ मध्ये सुरू झाली. तिकीट वीस रुपयांपासून. बोटी विजेरीवर चालणाऱ्या आणि कोचीच्याच गोदीत बांधलेल्या. प्रकल्पाचा अंदाजित खर्च सुमारे १,१३७ कोटी आणि त्यासाठी जर्मन विकास बँकेचे कर्ज. हे आकडे मी बँकेतील जुन्या सवयीने टिपून घेतले. परंतु खरी किमया धक्क्याची. धक्का तरंगता आहे. पाण्याबरोबर चढतो आणि उतरतो, त्यामुळे बोटीची फरशी व धक्क्याची फरशी एकाच पातळीवर राहतात. सौभाग्यवती कोणाचाही हात न धरता आत जाऊन बसल्या आणि मागे वळून मलाच म्हणाल्या, "जपून या." आता तर मट्टांचेरीलाच टर्मिनल झाले आहे.

कोचीच्या पाण्यात भरती-ओहोटीचा फरक जेमतेम मीटरभर, हे खरे. व्हेनिसलाही तसेच. युरोपच्या सहलीत जैन भोजनाची व्यवस्था पाहून जाणारी आपली मंडळी तिथे महागड्या गोंडोल्यात छायाचित्र काढून परततात. त्यांना सुचवावेसे वाटते की एकदा तरी 'वापोरेत्तो' या सार्वजनिक जलबसने जावे. ती १८८१ पासून चालू आहे. एक क्रमांकाची बस मोठ्या कालव्याने जवळजवळ प्रत्येक धक्क्यावर थांबत जाते. पाहुण्याला एका प्रवासाचे साडेनऊ युरो पडतात आणि तिकीट ७५ मिनिटे चालते. स्थानिक रहिवाशाला कार्डावर त्याच्या अगदी लहानशा अंशात जाता येते. पाहुण्याकडून घ्यावे आणि रोजच्या माणसाला सांभाळावे, हा व्यवहार आपल्यासारख्या दुकानदारी जाणणाऱ्यांना पटण्याजोगा आहे. तेथेही धक्के तरंगतेच.

मुंबई महानगर परिसरातील जलमेट्रोचा अभ्यास महाराष्ट्र शासनाने कोचीच्याच मेट्रो कंपनीकडे सोपवला आहे. चार मीटरांच्या फरकात उतरता पूल किती लांब ठेवावा लागेल आणि ओहोटीला त्याचा उतार वृद्धांना झेपेल का, हे अभियंते ठरवतील. आपण नागरिक म्हणून एवढेच विचारत राहू शकतो की गाळ उपसण्याचा वार्षिक खर्च कोणाच्या वहीत पडणार. कर्जाच्या प्रस्तावांत नेमकी ही ओळ राहून जाते. अशा कागदांवर मी तीस वर्षे सह्या केल्या आहेत.

एक सूचना प्रवाशांसाठी. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात नौदलाची वेगवान बोट घारापुरीला जाणाऱ्या लाँचवर आदळली आणि अनेकांचे प्राण गेले. जीवरक्षक जाकीट मागून घ्यावे आणि अंगावर घालावे. उकडते म्हणून मांडीवर ठेवू नये.

त्या तरुण स्नेह्याच्या साखरपुड्याचे आमंत्रण आम्हांलाही आले आहे. तिथी दशमी. दहाची पाऊणपट साडेसात. म्हणजे भरती सकाळी साडेसातला आणि ओहोटी दुपारी दीडला. गेट वेच्या पायऱ्या दुपारी उघड्या पडतील. सौभाग्यवतींनी पंचांग माझ्यापुढे ठेवले आणि मी सकाळच्या पहिल्या लाँचची तिकिटे काढली.