बोअरचा चुरा वाऱ्यावर सोडू नका



उन्हाळा तापला की गावोगाव बोअरच्या गाड्या फिरायला लागतात. एका रात्रीत दोन-तीनशे फूट जातं आणि सकाळी वावरात राखाडी भुकटीचा ढीग उरतो. पाणी लागलं तर पेढे, नाही लागलं तर तोंडावर दगड ठेवायचा की विषय संपला. त्या ढिगाकडे कुणी ढुंकून बघत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की बोअरला मोजलेल्या पैशात पाण्याखेरीज आणखी एक गोष्ट आपण विकत घेतलेली असते. आपल्या जमिनीखाली काय आहे याची ती माहिती. बोअर कोरडं गेलं तरी ती मिळालेलीच असते, आणि पहिल्या पावसात आपण ती ओढ्याला वाहून जाऊ देतो.

महाराष्ट्राचा चार-पंचमांश भाग बेसाल्टवर, म्हणजे आपल्या काळ्या दगडावर बसलाय. लाव्हाचे थर एकावर एक साचून तो तयार झाला. साधारणपणे एका थरात खाली घट्ट काळा पाषाण आणि वर सच्छिद्र मांजऱ्या खडक असतो. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे लाल मातीचा पट्टा सापडतो. पाणी असतं ते झिजलेल्या मांजऱ्यात, थरांच्या सांध्यात आणि चिरांमध्ये. घट्ट पाषाणात चीर नसेल तर आणखी शंभर फूट खाली गेलं तरी धूळच वर येणार.

हे थर आपल्याकडे बहुतेक ठिकाणी जवळपास आडवे आहेत, आणि नोंदीचा खरा फायदा इथेच आहे. समजा शेजाऱ्याच्या बोअरला 120 फुटांवर लाल पट्टा लागला आणि त्याचं वावर तुमच्यापेक्षा 30 फूट उंच आहे. मग तुमच्याकडे तो पट्टा 90 फुटांच्या आसपास यायला हवा. पाण्याची हमी यातून मिळत नाही, कारण चिरा आडव्या थरांचं ऐकत नाहीत. पण केसिंग किती लागेल आणि कुठल्या खोलीवर लक्ष ठेवायचं याचा अंदाज येतो. एका शिवारात पन्नास बोअर झाले असतील आणि त्यांतल्या दहांची जरी नीट नोंद असेल, तरी अकरावा माणूस अंधारात पैसे टाकणार नाही.

मोठी माणसं हे कसं करतात ते बघा. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने तिथे 617 मीटर खोल छिद्र घेतलं. 338 मीटरवर बेसाल्ट संपला आणि त्याखाली गाळाच्या खडकाचा पातळ थर व मग जुना पायाचा खडक लागला. त्या छिद्रातून काढलेला गाभा जपून ठेवला म्हणून वीस-वीस वर्षांनीही त्यावर नवे अभ्यास झाले. कोयनेच्या भूकंपांच्या अभ्यासासाठी गोठणे इथे 3 किलोमीटर खोल छिद्र घेतलं, ते 2017 मध्ये पूर्ण झालं. तिथे सलग गाभा मोजक्याच ठिकाणी काढला. बाकी खोलीवरचा खडक ओळखला तो वर येणाऱ्या चुऱ्यावरून. म्हणजे आपण जो चुरा पायाने उडवतो, त्याच चुऱ्यावर शास्त्रज्ञ काम करतात.

इंग्लंडमध्ये तर पाण्यासाठी 50 फुटांपेक्षा खोल विहीर किंवा बोअर घेणाऱ्याने त्याची नोंद ठेवून ती राष्ट्रीय भूवैज्ञानिक संस्थेला द्यावी, असा कायदाच आहे. दहा लाखांहून जास्त छिद्रांच्या नोंदी तिथे जमल्यात. आपल्याकडे केंद्राने डिसेंबर 2023 मध्ये राष्ट्रीय भूविज्ञान माहिती भांडार सुरू केलं, पण त्याचा भर खनिजांच्या शोधावर आहे. आपली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पाणीपातळी वर्षातून चार वेळा मोजते. हे काम मोलाचं आहे, पण त्यातून पाणलोटाचं चित्र कळतं, तुमच्या गटाचं नाही. गटाचं चित्र फक्त आपल्याच बोअरमधून मिळतं.

काही जण म्हणतील, नोंद लिहिली की झालं, चुरा कशाला ठेवायचा? इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात 1843 पासूनचे माती-पिकांचे नमुने बाटल्यांत भरून ठेवलेत. ते भरले तेव्हा ज्या घटकांचं नावही कुणाला माहीत नव्हतं, ते आज त्याच मातीत मोजता येतात. आपल्या बोअरवाल्याने "काळा दगड" एवढंच लिहिलं असेल, तर पुढे भूवैज्ञानिक त्या शब्दाकडे बघून काय सांगणार? पिशवीतला चुरा असेल तर सांगेल.

करायचं काय, ते सोपं आहे:

– दर 10 फुटांना एक मूठ चुरा घ्या. मधे रंग बदलला तर लगेच वेगळी मूठ घ्या. तोंडाजवळ जायचं ते गाडी थांबल्यावरच.
– चुरा चाळणीत धुऊन सावलीत वाळवा आणि जाड पिशवीत भरा.
– आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाका. त्यावर गट नंबर, तारीख आणि खोली हवी. वरून मार्करने लिहिलेलं उन्हात उडतं.
– पहिलं पाणी किती फुटांवर, वाढलं कुठे, केसिंग किती, हे वहीत लिहा.
– जागेचं लोकेशन मोबाईलवरून घ्या, पण उंचीचा आकडा मोबाईलचा धरू नका, त्यात बरीच चूक असते.
– पाणी लागल्यावर वरचा चुरा खाली मिसळतो. तेव्हापासूनच्या पिशव्यांवर "ओला" लिहा.

300 फुटांच्या बोअरच्या 30 पिशव्या होतात. एका पत्र्याच्या डब्यात मावतात.

पाणाड्याकडून जागा बघायची असेल तर जरूर बघा. फक्त त्याने काय सांगितलं आणि काय निघालं, हेही त्याच वहीत लिहा. वाद घालायची गरजच उरणार नाही.

दोन शंका मला नेहमी ऐकू येतात. पहिली, "पाणी कुठे लागलं हे कळलं तर शेजारी बांधावर बोअर मारील." अहो, तुमची मोटर चालते ते त्याला रोज दिसतंच की. लपून राहतात ती कोरडी गेलेली बोअर, आणि त्यांचीच माहिती त्याचे पैसे वाचवणार असते. दुसरी शंका, "सरकारकडे नोंद गेली की बंधनं येतील." ही भीती अगदीच खोटी नाही. पण 60 मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधन घालणारा भूजल कायदा आधीच आहे. उद्या आपल्या शिवाराबद्दल काही ठरवायचं झालं आणि आपल्याकडे एकही कागद नसला, तर दुसऱ्याच्या अंदाजावर ते ठरेल. म्हणून वही आधी गावात असू द्या, ग्रामपंचायतीच्या कपाटात. जिल्ह्याच्या भूवैज्ञानिकाला दाखवायची तेव्हा दाखवू.

आणि बोअरवाल्याकडून बिलासोबत खोलीवार नोंदीची पावती मागा. आपण पैसे फुटावर मोजतो, मग प्रत्येक फुटाला काय लागलं हे सांगणं त्याच्याही कामात धरायला हवं. ग्रामसभेने एकदा ठराव केला की गावात येणारी प्रत्येक गाडी ते देईल.

कृषी सहायक आणि भूवैज्ञानिक मंडळींना विनंती, एका पानाचा सोपा मराठी तक्ता करून द्या. आणि शेतकरी मंडळी, तुमच्या गावात कुणी आधीपासून अशी वही ठेवत असेल तर सांगा, बघायला मी स्वतः येईन.