मृत्यूची वेळ : रात्री दोन वाजून दहा मिनिटं!

'सीआयडी'मधले डॉक्टर साळुंखे प्रेतावर एक नजर टाकतात आणि खुनाची वेळ सांगून मोकळे होतात. १९९८ साली ही मालिका सुरू झाली आणि आपल्या अख्ख्या पिढीचं फोरेन्सिकचं शिक्षण तिथेच आटोपलं. मालिकेत चालतं हो. पण खऱ्या खटल्यातही चॅनेलवाले, वकील आणि आपण सोफ्यावरचे तज्ज्ञ तसाच एकच आकडा मागतो, तेव्हा डोकं फिरतं.

मंडळी, आपण आयटीवाले. काम कधी संपेल विचारलं की आपण 'तीन ते पाच आठवडे' म्हणतो आणि मॅनेजर फक्त 'तीन' ऐकतो. इथेही तेच होतं. फरक इतकाच, की इथे अंदाज चुकला तर माणूस आत जातो.

मेल्यावर शरीर तासाला साधारण एखाद्या अंशाने थंड होतं, हा पुस्तकातला ढोबळ नियम. पण तो थंड हवेतला. मे महिन्यात नगरला दुपारी पारा चाळिशी गाठतो आणि शरीर असतं ३७ अंशांचं. उन्हात पडलेला देह थंड होणार कसा? उलट तापेल!

पुढे देह कुजायला लागला की घड्याळ बदलतं. माश्या येऊन अंडी घालतात, आणि अळ्या किती वाढल्या त्यावरून उलटा हिशेब मांडतात. पण हे सगळं तापमानावर चालतं. म्हणून शास्त्रज्ञ नुसते दिवस मोजत नाहीत, रोजच्या सरासरी तापमानाची बेरीज करतात. २० अंशांचे २० दिवस म्हणजे ४००. सरासरी ३२ असेल तर तीच बेरीज साडेबारा दिवसांत भरते. म्हणजे देहाची अवस्था साधारण तीच, पण तारखेत आठवड्याचा फरक! या पद्धतीचं २००५ सालचं गाजलेलं सूत्र बेतलंय अमेरिकेतल्या ६८ मृतदेहांवर.

आता ते सूत्र नगर जिल्ह्यात (हो, आता अहिल्यानगर) लावून बघा. अकोल्याचा धो-धो पाऊस, प्रवरेकाठचा दमट ऊस, पाथर्डीचं कोरडं माळरान. एकाच जिल्ह्यात तीन हवामानं! जानेवारी २०१३मध्ये सोनईत तीन दलित तरुणांचे खून झाले. एकाचा देह शौचालयाच्या टाकीत सापडला, दोघांचे कोरड्या विहिरीत. ऑक्टोबर २०१४मध्ये जवखेडे खालसात एका दलित कुटुंबातल्या तिघांना मारून विहिरीत टाकलं. तिथे वेळेवरून वाद झाला असं मी म्हणत नाहीये. पण टाकी, कोरडी विहीर, पाण्याची विहीर, प्रत्येक जागेचं घड्याळ वेगळं चालतं, आणि आमच्याकडे प्रेतं टाकायच्या जागा याच आहेत.

"तासा-दोन तासांनी काय बिघडतं?" बिघडतं. 'शेवटचं कोणासोबत दिसला' या पुराव्यावर किती तरी खटले उभे असतात. सर्वोच्च न्यायालयाने २००५च्या 'उत्तर प्रदेश विरुद्ध सतीश' निकालात सांगितलंय, की शेवटचं दिसणं आणि मृत्यू यातलं अंतर इतकं कमी हवं, की मध्ये दुसऱ्या कोणी खून करण्याची शक्यताच उरू नये. ते अंतर ठरवणार कशावरून? माझ्या-तुमच्याकडे ऑफिसच्या स्वाइपचा, कॅबचा लॉग आहे. ऊसतोड मजुराकडे काय आहे?

टेनेसी विद्यापीठात १९८१पासून दान केलेले देह उघड्यावर ठेवून हा अभ्यास चाललाय. ऑस्ट्रेलियाने २०१६ साली सिडनीजवळ स्वतःची जागा उभारली, कारण तिथली हवा, माती आणि किडे वेगळे. मग आपले नाहीत का वेगळे?

"मेल्यावर तरी सुखाने राहू द्या" म्हणणारे भेटतातच. त्यांना एकच विचारतो : वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी देहदान केलं की आपण कौतुक करतो ना? मग न्यायासाठी दिलेला देह कमी पवित्र कसा? आणि हे दान ज्याच्या-त्याच्या लेखी संमतीनेच व्हायला हवं. बेवारस गरिबांची प्रेतं उचलून नव्हे.

१ जुलै २०२४पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फोरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं आहे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे. उत्तम! पण तो तिथे जाऊन आकडे ताडून बघणार कशाशी? बर्लिन आणि टेनेसीच्या हवेशी?

तोवर डॉक्टरांनी 'अठरा ते छत्तीस तास' सांगितलं, तर त्यांना बावळट समजू नका. तोच माणूस प्रामाणिक आहे. संशय घ्यायचा तर दोन वाजून दहा मिनिटं सांगणाऱ्याचा घ्या.