दोष एक्स्टेन्शनचा, शिक्षा संगणकाला

लिनक्सवरील ग्नोम डेस्कटॉप अद्ययावत केला आणि पडद्यावरील एखादी सवयीची सोय नाहीशी झाली, असा अनुभव पुष्कळांना येतो. अशा वेळी सारी प्रणाली पुसून नव्याने बसविण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. माझ्या मते हा सल्ला घातक आहे. शाळेतील सामायिक संगणकावर त्यापायी मुलांचे वर्षाचे काम जाऊ शकते. आणि वापरणाऱ्याचे फोल्डर जपून ठेवले, तर त्यातच बसलेले ते एक्स्टेन्शन दोषासह परत येते!

वस्तुतः एक्स्टेन्शन म्हणजे जावास्क्रिप्टमधील आज्ञावली. ती थेट ग्नोम शेलच्या अंतरंगात शिरून काम करते. अंतरंग बदलले की ती अडखळते. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्नोम ४५ आले, तेव्हा मॉड्यूल आयात करण्याची रीतच बदलली आणि जुनी एक्स्टेन्शने सुधारून घ्यावी लागली. 'मेटाडेटा' फाइलीत नवा आवृत्तिक्रमांक घुसडून वेळ मारून नेण्याची नेहमीची लबाडी तेथे चालली नाही.

तेव्हा प्रथम सर्व एक्स्टेन्शने बंद करावीत. मग एकेक चालू करून गाडे कोठे अडते ते पाहावे. 'जर्नलसीटीएल' या आज्ञेने मिळणाऱ्या नोंदींत पुष्कळदा दोषी फाइलीचे नाव व ओळीचा क्रमांकही सापडतो. मी भाषांतरकार असूनही सांगतो, ती इंग्रजी नोंद भाषांतर न करता जशीच्या तशी उतरून घ्यावी. मदत करणाऱ्याला मूळ शब्दच लागतात. वेलँडवर मात्र एक्स्टेन्शनमधील दुरुस्ती लॉगआउट करून पुन्हा आत आल्यावरच दिसते.