हात ढोलापर्यंत पोहोचतोच कसा?

मळणी यंत्रात हात गेला की पहिला ठपका मजुरावर येतो: लक्ष नव्हते, डुलकी लागली, दारू प्यायला असेल. धडगावच्या डोंगरपट्ट्यात मका-ज्वारीच्या हंगामातही हाच निवाडा ऐकू येतो. थकवा आणि नशा धोका वाढवतात, हे खरेच. पण अपघाताचे मूळ त्यांत नाही.

मळणी यंत्राला गती देणारा ट्रॅक्टरचा पीटीओ शाफ्ट मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. धोका दिसल्यावर हात मागे घ्यायला सुरुवात होईपर्यंतच साधारण पाव सेकंद जातो. तेवढ्यात शाफ्टचे दोन फेरे होऊन पदर किंवा गमछा गुंडाळला गेलेला असतो. पूर्ण शुद्धीत, डोळे उघडे असलेल्या माणसालाही हा वेग गाठता येत नाही. अनुभवाने हात सरावतो, असेही म्हटले जाते. उलट सरावलेलाच हात अडकलेला पेंढा यंत्रातल्या फिरत्या ढोलाच्या तोंडाशी जाऊन ढकलतो.

उपाय यंत्रातच आहे. भारतीय मानकाप्रमाणे माल सारण्याची पन्हळ किमान 90 सेंटिमीटर लांब आणि त्यातली 45 सेंटिमीटर झाकलेली हवी. खांद्यापासून बोटांपर्यंतचा हात पन्हळीच्या या पूर्ण लांबीहून आखूड असतो. पन्हळ पुरेशी लांब असेल तर चूक झाली तरी बोटे ढोलाला लागत नाहीत. पट्टा-पुलीवर जाळी, शाफ्टवर आवरण, आणि अडकलेला माल यंत्र बंद करूनच काढणे, एवढे पुरते. झाकणाने काम मंदावते, हा आक्षेप मालक घेतात. पण वाचतात ती काही मिनिटे, आणि हात गेला तर जन्माची मजुरी जाते.

कायद्यालाही हे ठाऊक आहे. कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 21 ने फिरते भाग झाकण्याची जबाबदारी कारखान्यावर टाकली; शेतातले यंत्र त्यातून सुटले. म्हणून 1983 मध्ये धोकादायक यंत्रे (नियमन) अधिनियम झाला. त्यात मळणी यंत्राचे नाव व्याख्येतच आहे, आणि सुरक्षित यंत्र पुरवण्याचे बंधन उत्पादकापर्यंत जाते. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यानेही साधा निष्काळजीपणा हे भरपाई नाकारण्याचे कारण मानले नव्हते.

अपघातानंतर उपचारासाठी धडगावहून तळोद्याकडे जाताना चांदसैली घाट उतरावा लागतो. रक्तस्राव होत असलेल्या जखमीला घाटात जाणारा वेळ परवडत नाही. मदतीचीही हमी नाही: गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत एक हात गमावल्यास 1 लाख रुपये मिळतात, पण खातेदार शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातील एका व्यक्तीला. यंत्राच्या तोंडाशी उभा राहणारा भूमिहीन रोजंदार तिच्या बाहेर राहतो.