खिशातला कापूस
पिन जरा तिरकी धरली तरच फोन चार्ज व्हायचा. पोर्ट गेलं, असंच मी धरून चाललो होतो. दुरुस्तीवाल्याने भिंगाखाली धरून बारीक चिमट्याने आतून काढला तो खिशातला कापूस, दाबून दाबून घट्ट झालेला! टाइप-सी पोर्ट १०,००० वेळा पिन घालण्या-काढण्याच्या हिशेबाने बनतं. रोज दोनदा म्हटलं तरी तेरा वर्षं. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनना तेच सक्तीचं केलं, हे फार चांगलं झालं. आता आईच्या आणि माझ्या फोनला एकच वायर चालते. फक्त असा कापूस काढताना पोर्टातल्या पातळ जिभेला टाचणी लावू नका. फोन बंद करून लाकडी काडीने, अगदी हलक्या हाताने कोरा.